डेडमचं फेअरबँक्स हाउस: लाकडाचं घर चारशे वर्षं कसं टिकतं आणि त्याचं साल कुणी ठरवलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते बोस्टनजवळ राहतात. आईवडील भारतातून आले तेव्हा त्यांना डेडम गावातलं फेअरबँक्स हाउस दाखवायला नेलं. बाहेर आल्यावर वडिलांनी तीन शंका काढल्या. अमेरिकेतले पहिले वसाहतवाले ओंडके रचून झोपड्या बांधत, असं ऐकलंय, मग हे घर तसं का नाही? हे घर १६३७ चं सांगतात, ते कशावरून? आणि नखशिखांत लाकडाचं घर जवळजवळ चारशे वर्षं उभं राहतं, तर आमचा सागवानी वाडा सव्वाशे वर्षांतच का बसला?

लाकडी सांगाड्याची जुनी घरं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे तिसरी शंका मला जवळची. पण तिचं उत्तर पहिल्या दोन शंकांवरूनच जातं, म्हणून क्रमानेच घेतो.

ओंडक्यांच्या घरांचं आधी. ओंडक्यावर ओंडका आडवा रचून, कोपऱ्यांत खाचा पाडून घर उभं करण्याची पद्धत इंग्लंडात नव्हती. ती अमेरिकेत आली ती स्वीडिश आणि फिनिश लोकांबरोबर, डेलावेअर नदीकाठच्या न्यू स्वीडन वसाहतीत, १६३८ पासून. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बोस्टन-डेडमच्या भागात, उतरलेल्या इंग्लिश सुतारांना सांगाड्याचं घर, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा उभारून त्यावर बाहेरून फळ्या ठोकलेलं घर, येत होतं आणि त्यांनी तेच बांधलं. मग प्युरिटन, म्हणजे तिथे उतरलेले हे कट्टर धर्मनिष्ठ इंग्लिश, आणि त्यांची लॉग केबिन, म्हणजे ओंडक्यांची झोपडी, हे चित्र आलं कुठून? त्याला बराचसा १८४० सालचा राष्ट्राध्यक्षपदाचा निवडणूक प्रचार कारणीभूत आहे. विल्यम हेन्री हॅरिसन यांना त्यांच्या पक्षाने लॉग केबिनमधला साधा माणूस म्हणून उभं केलं, आणि तेव्हापासून लॉग केबिन ही अस्सल अमेरिकन मुळांची खूण होऊन बसली. हॅरिसन स्वतः जन्मले होते व्हर्जिनियातल्या एका मळेवाल्याच्या ऐसपैस विटांच्या घरात. निवडणूक प्रचार तिथलाही तसाच असतो.

अगदी सुरुवातीचे निवारे मात्र खरोखरच कामचलाऊ होते. टेकडीच्या उतारात खणलेले खड्डे, वाकवलेल्या काठ्यांवर साली आणि चटया टाकून केलेली खोपटी, गवताने शाकारलेली घरं, आणि धुराडंसुद्धा लाकडाचं, आतून मातीने लिंपलेलं. गवताचं छप्पर आणि लाकडी धुराडं शेजारी-शेजारी असल्यावर काय होणार? बोस्टनमध्ये १६३१ साली आग लागली आणि दोन्हींवर बंदी आली. त्या पहिल्या निवाऱ्यांपैकी आज काहीही उभं नाही. म्हणूनच फेअरबँक्स हाउसचं मोल मोठं. या भागातली इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत प्लिमथ, ती १६२० ची, आणि हे घर तिच्यानंतर वीसेक वर्षांच्या आतलं.

जोनाथन फेअरबँक्स इंग्लंडातल्या यॉर्कशरचे. १६३३ च्या सुमारास पत्नी ग्रेस आणि मुलांना घेऊन ते बोस्टनला आले. १६३६ मध्ये चार्ल्स नदीकाठी नवं गाव वसवायची परवानगी निघाली. रहिवाशांना गावाचं नाव 'कंटेंटमेंट' ठेवायचं होतं, पण सरकारदरबारी 'डेडम' ठरलं. गावात राहायचं तर एका करारनाम्यावर सही करावी लागे, त्यावर जोनाथन यांचीही सही आहे. ही जमीन रिकामी पडली होती असं जुन्या पुस्तकांत असतं, ते अर्धवट आहे. ती मॅसॅच्युसेट या मूळ रहिवासी जमातीची भूमी होती, आणि १६१६ ते १६१९ च्या साथींनी त्यांची गावंच्या गावं ओस पडली होती. पुढे १६५१ मध्ये ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांसाठी नेटिक हे गाव डेडमच्या हद्दीत वसवलं गेलं. त्यावरून डेडमकरांनी वर्षानुवर्षं भांडण चालवलं आणि शेवटी बदल्यात दूर पश्चिमेला आठ हजार एकर पदरात पाडून घेतले. तेच आजचं डीअरफील्ड. ती जमीनही पोकमटक लोकांची होती, हे वेगळं सांगायला नको.

आता घर. आज ते लांबलचक आणि वेडंवाकडं दिसतं. कुठे एक छप्पर उंच, कुठे दुसरं खाली उतरलेलं, रेषा एकही सरळ नाही. मूळ घर त्याच्या पोटात आहे: मधोमध विटांचं भलंमोठं धुराडं, त्याच्या एका अंगाला 'हॉल', दुसऱ्या अंगाला 'पार्लर', आणि दोन्हींवर एकेक खोली. 'हॉल' म्हटल्यावर आपल्यासमोर दिवाणखाना येतो, पण तिथला हॉल म्हणजे स्वयंपाक, जेवण आणि दिवसभराची सगळी कामं चालणारी खोली. पार्लर ही त्यातल्या त्यात चांगली खोली, तिथेच घरच्या मालक-मालकिणीचा पलंगही असे. मागची पडवी नंतरची. मुख्य छप्परच मागे खाली उतरवत नेऊन ती साधली आहे. दोन टोकांची घरंही नंतर जोडलेली, तिथलं मधेच मोड घेणाऱ्या उताराचं छप्पर लांबूनच वेगळं कळतं.

आत गेलात तर पुढच्या वेळी एक करा. खोलीच्या मधोमध आडव्या गेलेल्या मोठ्या तुळईखाली उभे राहा आणि तिच्या कडा बघा. खालच्या दोन्ही कडा तिरप्या तासलेल्या असतात, आणि हा तास तुळईच्या टोकापर्यंत न जाता थोडा आधी एका छोट्या नक्षीदार थांब्यावर संपतो. हे काम उघड्यावर दिसण्यासाठीच केलेलं असतं. कुठे अशी तासलेली तुळई पुढे प्लास्टरच्या छताने झाकलेली सापडली, तर ते छत नंतरचं हे तिथल्या तिथे सिद्ध होतं. दुसरं म्हणजे, सांध्यांपाशी बॅटरी तिरपी धरली की छिन्नीने कोरलेल्या रेघा उमटून दिसतात: एक, दोन, चार रेघा, फुली, फुलीला जोडून एक रेघ. हे सुताराचे रोमन आकडे. सांगाडा आधी जमिनीवर आडवा मांडून प्रत्येक सांधा त्याच्या जोडीदाराशी बसवला जाई. मग सगळं सुटं करून उभं करताना कुठलं लाकूड कुठे, हे या आकड्यांवरून कळे. प्रत्येक सांधा हाताने घडवलेला, त्यामुळे पाच नंबरचं लाकूड सहा नंबरच्या खाचेत बसतच नाही.

सांध्यात खिळा नसतो. एका लाकडाला चौकोनी खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ, आणि दोन्हींतून आरपार ओकची खुंटी. मुद्दाम बघण्यासारखी गोष्ट पुढे आहे. जिभेतलं भोक खाचेतल्या भोकाशी नेमकं समोरासमोर पाडत नाहीत, ते थोडंसं आतल्या बाजूला सरकवून पाडतात. निमुळती खुंटी ठोकली की ती वाकते आणि सांधा स्वतःकडे ओढून घट्ट करते. शिवाय ओक ओला असतानाच वापरत. वाळलेला ओक इतका कडक होतो की वाकस आणि छिन्नी दोन्ही हार मानतात. ओला सांगाडा उभा केला की तो पुढची काही वर्षं आपल्या जागी वाळत, आक्रसत राहतो आणि सांधे आणखी आवळले जातात. जुन्या घरांच्या वाकड्या रेषांचं बरंचसं कारण हेच. वाकडं दिसलं म्हणजे घर कमकुवत झालं असा अर्थ नाही.

लाकूड ओलं वापरत, या एका गोष्टीवर दुसऱ्या शंकेचं उत्तर उभं आहे. झाड तोडल्यावर साधारण वर्षा-दोन वर्षांत ते घरात बसलेलं असे. म्हणजे झाड कधी तोडलं हे कळलं की घर कधी बांधलं हे जवळजवळ कळलंच.

झाड दरवर्षी एक वलय वाढवतं. पाऊस चांगला झाला तर वलय रुंद, दुष्काळ पडला तर अरुंद. एका भागातल्या एका जातीच्या झाडांमध्ये हा रुंद-अरुंद क्रम सारखा येतो, आणि शंभर वर्षांचा क्रम पुन्हा जसाच्या तसा कधी येत नाही. आजच्या जिवंत ओकपासून सुरुवात करून, मग साल माहीत असलेल्या तुळया त्याला मागे मागे जोडत, त्या प्रदेशाची एक अखंड मालिका तयार करतात. घरातल्या तुळईत पोकळ गिरमिट घालून बोटाएवढ्या जाडीची लाकडाची कांडी काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली तिची वलयं मोजायची आणि मालिकेशी ताडून बघायची. याला डेंड्रोक्रोनॉलॉजी म्हणतात. पूर्व मॅसॅच्युसेट्ससाठी ओकची अशी मालिका या शतकाच्या सुरुवातीला नीट तयार झाली.

यातली मेख सालीत आहे. तुळईवर साल, निदान सालीखालचा शेवटचा पृष्ठभाग, कुठेतरी शिल्लक असेल तरच तोडल्याचं वर्ष मिळतं. कधी कधी ऋतूसुद्धा मिळतो, कारण शेवटचं वलय पूर्ण आहे की अर्धं हे दिसतं. सुताराने चौकोन काढताना बाहेरचं सगळं फिकं लाकूड तासून टाकलं असेल, तर हाती येतं ते 'अमुक सालानंतर केव्हातरी' एवढंच. म्हणून कांडी काढणारा माणूस घरात शिरल्यावर सुबक तुळईकडे बघतही नाही. माळ्यावर, जिन्याखाली, जिथे सुताराने आळस केला आणि कोपऱ्याला गोलाई तशीच सोडली, तिथे तो पाठीवर झोपून काम करतो.

फेअरबँक्स हाउसच्या मूळ भागातलं लाकूड १६३७ ते १६४१ या काळात तोडलेलं निघालं. म्हणजे घरच्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं साल जवळपास खरं ठरलं. १६३६ मध्ये गावाला मंजुरी, आणि पुढच्या काही वर्षांत लाकूड जमवून घर उभं. उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात जुनं शाबूत लाकडी सांगाड्याचं घर, हा मान त्याला या चाचणीनंतर निर्विवाद मिळाला.

असं सहसा होत नाही, हे बाबांना जरूर सांगा. मॅसॅच्युसेट्समधल्याच बेव्हर्ली गावच्या बाल्च हाउसवर वर्षानुवर्षं १६३६ साल सांगितलं जाई, लाकूड निघालं १६७९ च्या आसपासचं. न्यूबरीचं कॉफिन हाउस १६५४ चं समजत, ते निघालं १६७८ चं. मेडफील्डचं पीक हाउस १६८० चं मानलं जाई, ते १७११ चं ठरलं. कुणी खोटं बोलत नव्हतं. होतं असं की मूळ पुरुषाला जमीन मिळाल्याचं साल कागदावर असतं, आणि नातवंड-पतवंडं ते साल समोर दिसणाऱ्या घराला चिकटवतात. पहिलं घर जळलेलं असतं, पाडलेलं असतं किंवा विसरलेलं असतं. मी तर दारावरच्या पाटीवर 'सुमारे' हा शब्द नसेल तर ती पाटी आधी बाजूला ठेवतो आणि खिळे बघायला लागतो. हाताने घडवलेले चौकोनी खिळे साधारण १८०० पर्यंतचे, यंत्राने पत्र्यातून कापलेले त्यापुढचे, आणि आजच्यासारखे गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. फळीवर करवतीच्या खुणा सरळ उभ्या असतील तर ती जुनी, कमानीसारख्या वळलेल्या असतील तर गोल पात्याच्या करवतीची, म्हणजे १८३० च्या अलीकडची असण्याची शक्यता दाट. खिळ्यावरून घराचं वय ठरत नाही, पण दुरुस्त्यांचा क्रम लागतो. तुळईत बिनकामाची रिकामी खाच दिसली, तर ते लाकूड आधी दुसऱ्या घरात होतं, हेही ध्यानात घ्यायचं.

आता टिकण्याचं. लोक म्हणतात, तेव्हाचं लाकूडच वेगळं होतं. त्यात थोडं तथ्य आहे. इंग्लंडात मोठं लाकूड महाग झालेलं होतं आणि इथे शेकडो वर्षांच्या जंगलातला ओक हाताशी होता, त्यामुळे गाभ्याचं भरीव लाकूड मुबलक वापरलं गेलं. कडक हिवाळाही मदतीला आला. बुरशी थंडीत झोपते, आणि वाळवी तिथेही असली तरी तिचा जोर आपल्याइतका नाही. पण तसंच लाकूड आणि तसाच हिवाळा त्या काळच्या हजारो घरांच्या वाट्याला आला होता, आणि ती घरं आज नाहीत.

माझ्या मते खरी कारणं दोन. पहिलं, या घराची हाडं आणि कातडी वेगळी आहेत. पावसाला तोंड देतात त्या बाहेरच्या, एकीवर एक चढवलेल्या फळ्या आणि छपरावरच्या लाकडी पट्ट्या. त्या झिजायच्या, बदलायच्या, पुन्हा झिजायच्या, त्यासाठीच असतात. जमिनीलगतची आडवी तुळई सगळ्यात आधी कुजते, तिचाही कुजलेला तुकडा कापून नवा जोडता येतो. सांगाड्याला पाणी लागू दिलं नाही आणि हवा लागू दिली, तर ओक कशाने मरणार?

दुसरं कारण माणसांचं. आठ पिढ्या हे घर एकाच कुटुंबात राहिलं, आणि ते कुटुंब कधी फार श्रीमंत झालं नाही. श्रीमंत झालं असतं तर अठराव्या शतकात हे घर पाडून त्या जागी मधोमध दार आणि दोन्हीकडे सारख्या खिडक्यांचा नवा थाटाचा बंगला उठला असता, जसा शेजारच्या कितीतरी ठिकाणी उठला. फेअरबँक्सांना जागा कमी पडली की त्यांनी एक बाजू जोडली, धुराडं दुरुस्त केलं, पुढे चालू. या घराने वाईट दिवसही बघितले. १८०१ मध्ये याच घरातला जेसन फेअरबँक्स हा तरुण एलिझाबेथ फेल्स हिच्या खुनाच्या आरोपात दोषी ठरला, तुरुंग फोडून कॅनडाकडे पळाला, वाटेत पकडला गेला आणि फासावर गेला. १८९२ मध्ये घरावर वीज पडली. तेव्हा तिथे राहणाऱ्या रेबेका फेअरबँक्स वाचल्या, त्यांचा कुत्रा मेला. पुढे पैशांच्या ओढीने त्यांना घर विकावं लागलं, पण इतिहासाची चाड असलेल्या दोघी मायलेकींनी ते घेतलं आणि रेबेकाबाईंना तिथेच राहू दिलं. १९०४ च्या सुमारास त्या बाहेर पडल्या आणि घर फेअरबँक्स वंशजांच्या संस्थेकडे गेलं, ते आजही त्यांच्याकडेच आहे. म्हणजे मधे रिकामं, कुलूपबंद, गळकं असं दशक या घराच्या नशिबी आलंच नाही. जुन्या लाकडी घराला सगळ्यात मोठा धोका त्या एका दशकाचा असतो.

आता तुमचा वाडा. साग ओकपेक्षा कमी पडला असं बाबांना वाटत असेल तर ते काढून टाकायला सांगा. वाळवीला आणि बुरशीला साग ओकपेक्षा जास्तच दाद देत नाही. वाड्याचा सांगाडाही याच विचाराचा: खांब, तुळई, वर कडीपाट, आणि खांबाखाली दगडी तळखडा. तो तळखडा तर इंग्लिश सुताराच्या जमिनीलगतच्या तुळईपेक्षा शहाणपणाचा. लाकडाचं तोंड जमिनीला लागतच नाही. बिघडतं ते कड्यांच्या टोकांशी. भिंतीकडची टोकं मातीच्या किंवा विटांच्या भिंतीत पुरलेली असतात. माळवद नाहीतर कौलं गळायला लागली की पाणी भिंतीतून उतरतं आणि त्या टोकाशी मुरतं. कडी मधे ठणठणीत, टोक भुसा झालेलं, हे मी कितीतरी ठिकाणी बघितलं आहे. त्यावर कुणीतरी 'पक्कं काम' म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा मारतो. मातीची भिंत आधी ओली होऊन पुन्हा वाळायची, आता तिला वाळायला वाटच राहत नाही. माझ्या अनुभवात जेवढे वाडे पावसाने बसले, जवळजवळ तेवढेच अशा गिलाव्याने.

आणि मालकी. फेअरबँक्सांकडे दर पिढीत घराला एक धनी होता. आपल्याकडे चौथ्या पिढीपर्यंत मालकीच्या कागदावर बावीस नावं, कौलं फिरवायचा खर्च कुणी करायचा यावर एकमत नाही, शहरात असेल तर पुढच्या खणात १९४७ च्या भाडेकायद्याने गोठलेल्या भाड्यातला भाडेकरू. कौलं दर पावसाळ्याआधी फिरवावी लागतात. ती पाच वर्षं फिरवली नाहीत तर सागाचं काय चुकलं?

बाबांना वाड्याचं साल काढायचं असेल तर वलयांची पद्धत सागावर चालते. सागाला स्पष्ट वर्षवलयं असतात, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यासही झाला आहे. अडचण अशी की वाड्याचा साग कुठल्याही जंगलातून आलेला असू शकतो, आणि कारागिरांनी बाहेरचं फिकं लाकूड बहुधा तासून टाकलेलं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बंदरात ब्रह्मदेशी साग मोठ्या प्रमाणात उतरू लागला, त्या व्यापारातली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ ची. तेव्हा वाडा सव्वाशे वर्षांचा असेल तर त्याच्या तुळया ब्रह्मदेशातल्या असणं सहज शक्य आहे. असे ओंडके विकताना त्यांच्या तोंडावर हातोड्याने ठसे मारत, आणि ठसा न तासता राहिला असेल तर एखाद्या तुळईच्या टोकाला तो अजून सापडू शकतो.

बसलेला वाडा उतरवायचं ठरलंच असेल, तर लाकूडवाला ट्रक घेऊन येण्याआधी हे करा. प्रत्येक खांबाला आणि तुळईला खडूने नंबर टाका, जागेवरच फोटो काढा. ज्या दोन-तीन लाकडांच्या कडेला साल किंवा सालीची गोलाई दिसते, त्यांचा वीतभर लांबीचा आडवा तुकडा टोकाकडून कापून घ्या. कुठल्या खणातलं लाकूड ते त्यावर लिहा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत बुरशी धरते. खिळेही मूठभर ठेवा, कुठल्या खोलीतले ते लिहून.